खुब्याची शस्त्रक्रिया : एका वैद्याचा रुग्णानुभव

व्याधीविषयी चिकित्सकाने लिहावे आणि वेदनेविषयी रुग्णाने बोलावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आमच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीच्या वाट्यास आली. नवीन जालना येथे गेली २१ वर्षे आम्ही आयुर्वेदाचा व्यवसाय करीत आहोत. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, आमच्या उजव्या खुब्याचे संपूर्ण सांधेरोपण झाले. या शस्त्रक्रियेची कथा वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडण्यात स्वतःचे दुखणे सांगण्याचा हेतू नाही. या प्रवासात आमच्याकडून एक चूक घडली. ती आपल्यापैकी कोणाकडूनही घडू शकेल अशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्याधीचा आरंभ

एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही आजारी पडलो. प्राणवायूची पातळी घसरल्याने ११ दिवस रुग्णालयात राहावे लागले. तेथे स्टेरॉइड दिले गेले आणि घरी आल्यावरही ते हळूहळू कमी करीत सुमारे ३ आठवडे चालले. येथे एक गोष्ट प्रारंभीच नमूद केली पाहिजे. त्या औषधास आम्ही दोष देत नाही. प्राणवायूची गरज असलेल्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोन मृत्यूचे प्रमाण कमी करते, हे जून २०२० मध्ये इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले होते. त्या औषधाने कदाचित आमचे प्राण वाचविले. परंतु प्राण वाचविणारे औषधही आपली किंमत मागू शकते.

जानेवारी २०२२ मध्ये उजव्या जांघेत दुखू लागले. वेदना मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरत असे. आम्ही प्रथम गुडघ्याचा विचार केला. क्ष-किरण चित्रात गुडघा निर्दोष आढळला. मग गृध्रसीचे निदान केले आणि तेल, शेक, गुग्गुळकल्प असा नित्याचा क्रम आरंभिला. चार महिने गेले. मांडी घालून बसताना पाय बाहेर वळेना, पायमोजा घालण्यास सौभाग्यवतींची मदत लागू लागली, तेव्हा कोठे शंका आली.

गृध्रसीची वेदना स्फिक् प्रदेशापासून मांडीच्या मागील बाजूने पायाकडे उतरते. खुब्याच्या सांध्याची वेदना बहुधा वंक्षणात असते आणि पुष्कळदा केवळ गुडघ्यातच जाणवते. रुग्णास उताणे निजवून गुडघा व खुबा दुमडून पाय आत वळविला असता जांघेत कळ आली, तर दोष खुब्यात आहे असे समजून पुढील तपासणी करावी. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. शेकडो रुग्णांवर आम्ही ती केली होती. स्वतःवर करण्यास मात्र चार महिने लागले.

जून २०२२ मध्ये एमआरआय झाला. निदान : दोन्ही खुब्यांत ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. उजवीकडे दुसरी अवस्था, डावीकडे पहिली.

रक्ताविना मरणारे अस्थी

मांडीच्या अस्थीचे शीर्ष म्हणजे उखळीत बसलेला गोल. त्याचा बहुतेक रक्तपुरवठा अस्थीच्या मानेलगत वर चढणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्यांतून होतो. त्यांना पर्यायी मार्ग फार थोडे असतात. अस्थिभंग, अतिमद्यपान, सिकलसेल व्याधी किंवा स्टेरॉइड यांमुळे हा प्रवाह खंडित झाला की त्या भागातील अस्थिपेशी मरतात. तरीही मृत अस्थी लगेच कोसळत नाही. काही काळ तिचा आकार टिकून राहतो. पुढे शरीर मृत भाग काढून नवा भरू लागते, त्या खटाटोपात कूर्चेखालील पातळ थर दुबळा होतो आणि एके दिवशी भाराखाली दबतो. क्ष-किरण चित्रात तेथे चंद्रकोरीसारखी रेघ दिसते. फिकॅट व आर्लेट यांच्या प्रचलित वर्गीकरणात ही तिसरी अवस्था होय. कोसळलेला गोल पुन्हा गोल होत नाही.

कोविडोत्तर काळात ही व्याधी महाराष्ट्रात विशेष चर्चेत आली. माहीम, मुंबई येथील हिंदुजा रुग्णालयाचे अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. संजय अगरवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे तीन रुग्ण प्रसिद्ध केले. स्टेरॉइडची एकूण मात्रा सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी होती, म्हणजे या व्याधीस कारण म्हणून पूर्वी सांगितल्या जाणाऱ्या सुमारे २००० मिलिग्रॅमपेक्षा बरीच कमी. लक्षणेही कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच दिसली. हे तिघेही चाळिशीच्या आतील डॉक्टर होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. स्वतः चिकित्सक असल्याने ते लवकर सावध झाले. आम्हीही चिकित्सक होतो, परंतु सावध झालो नाही.

आमची चूक

शल्यतज्ज्ञांनी उजव्या खुब्यासाठी कोअर डिकम्प्रेशन सुचविले. यात अस्थीच्या मानेतून शीर्षापर्यंत छिद्र पाडून आतील दाब कमी केला जातो. हमखास यशाची खात्री त्यांनी दिली नाही, मात्र गोल कोसळण्याआधीच हा उपाय करता येतो असे स्पष्ट सांगितले. आम्ही विचारासाठी वेळ मागितला आणि आपल्या शास्त्राकडे वळलो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८ व्या अध्यायात अस्थ्याश्रित व्याधींसाठी पंचकर्म, त्यातही बस्ती, आणि तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेले दूध व तूप सांगितले आहे. अस्थी आणि वात यांचा आश्रयाश्रयी भाव वाग्भटांनी वर्णिला आहे. हे सूत्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आम्ही सहाध्यायी मित्राच्या चिकित्सालयात तिक्तक्षीर बस्तीचे दोन क्रम घेतले. वेदना निम्म्याहून अधिक कमी झाली. झोप लागू लागली. जिना चढता येऊ लागला. आम्ही आनंदलो, शल्यतज्ज्ञांकडे जाणे थांबविले आणि दुचाकीवरून रुग्णभेटी पुन्हा सुरू केल्या.

चूक बस्ती घेण्यात नव्हती. वेदनाशमन हेच अस्थिरोपण असे आम्ही मानले, ही चूक होती. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करावा, असे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही तो १५ महिने केला नाही. कारण विचाराल तर ‘गरज वाटली नाही’ हे उत्तर अर्धसत्य ठरेल. चित्र बिघडलेले दिसले तर आपल्या चिकित्सेविषयीचा आपलाच विश्वास डळमळेल, ही भीती मनाच्या तळाशी होती. हीच गोष्ट एखाद्या रुग्णाने केली असती तर आम्ही त्यास चार शब्द सुनावले असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारीतून उतरताना जांघेत काहीतरी दबल्यासारखे झाले आणि पाऊल टाकता येईना. दुसऱ्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात चंद्रकोर स्पष्ट होती आणि गोलाचा माथा चपटा झालेला होता. छिद्र पाडण्याचा काळ निघून गेला होता. डावा खुबा सुदैवाने होता तसाच होता.

चार महिने आम्ही काठीवर काढले. एका वृद्ध शेतकरी रुग्णाने आमची चाल पाहून विचारले, “डाक्टरसाहेब, तुमीच आप्रेशन करणार म्हणता, मग आमी तुमच्याकडं कशापायी यावं?” त्यावेळी उत्तर सुचले नाही. या लेखाच्या अखेरीस ते देण्याचा प्रयत्न केला आहे.

सुश्रुतांची मर्यादा आणि चार्नलींची कबुली

शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर सुश्रुतसंहितेचे भग्ननिदान आणि भग्नचिकित्सित हे अध्याय आम्ही पुन्हा वाचले. आमची व्याधी भग्न नव्हे, हे खरे. तथापि अस्थिसंधीविषयी सुश्रुतांची दृष्टी तेथे दिसते. मांडी व पिंढरीच्या भग्नात रुग्णास फळीवर निजवून पाच खिळ्यांच्या आधाराने पाय स्थिर करण्याचे कपाटशयन ते सांगतात. सांध्यातून निसटलेली मांडीची अस्थी चक्रयोगाने ओढून बसविण्यास सांगतात. आणि तेच सुश्रुत कटीच्या कपालास्थीचा भंग व तेथील संधिमुक्तता वर्ज्य, म्हणजे चिकित्सा करू नये अशा गटात टाकतात. जे आपल्या हाताबाहेरचे आहे ते हाताबाहेरचे आहे असे लिहून ठेवण्यास त्यांस संकोच वाटला नाही. आपण मात्र त्यांचे सामर्थ्य सांगतो आणि त्यांनी घालून दिलेली मर्यादा विसरतो.

आधुनिक शास्त्राच्या इतिहासातही असेच एक उदाहरण आहे. आजच्या कृत्रिम खुब्याचे जनक इंग्लंडमधील शल्यतज्ज्ञ जॉन चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. काही वर्षांतच ती झिजू लागली आणि सुमारे ३०० रुग्णांच्या शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या. चार्नलींनी अपयश उघडपणे मान्य केले, त्या रुग्णांच्या दुरुस्तीचे काम स्वतः अंगावर घेतले आणि द्रव्यांची शरीरावरील प्रतिक्रिया पाहण्यासाठी त्यांचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. त्यानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये रायटिंग्टन येथे धातूचा लहान गोल आणि पॉलिएथिलीनची वाटी ही जोडी आली. आज जगभर होणाऱ्या खुबेरोपणांचा पाया तीच आहे.

शस्त्रक्रिया

जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्याआधी भूलतज्ज्ञांनी विचारले, “सध्या कोणती औषधे चालू आहेत?” आमच्या तोंडून सवयीने उत्तर निघाले, “काही विशेष नाही, आपली आयुर्वेदिकच.” त्या बाईंनी शांतपणे लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “वैद्यराज, औषध आहे ना? मग नावे सांगा.”

आम्ही नावे सांगितली. लसूण क्षीरपाक, दोन गुग्गुळकल्प, हळदीचे सत्त्व असलेली एक गोळी, यष्टिमधु. यातील काही द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावण्याची शक्यता असते. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. सर्व औषधे दोन आठवडे आधी बंद करण्यात आली. ‘आपली आयुर्वेदिकच’ हा शब्दप्रयोग आम्ही त्या दिवसापासून सोडला. औषधात सामर्थ्य आहे असे आपण मानतो, तर भूलतज्ज्ञांपुढे ते निरुपद्रवी पाणी आहे असे कसे म्हणावे?

भूल कमरेखालील होती. पडद्याआड काय चालले आहे ते दिसत नव्हते, परंतु ऐकू येत होते. करवतीचा आवाज, मग उखळी कोरण्याचा घर्घर आवाज, आणि शेवटी अस्थीच्या पोकळीत धातूचा दांडा बसविताना हातोड्याचे ठोके. वेदना नव्हती, प्रत्येक ठोक्यासरशी सर्व शरीर मात्र हालत होते. नंतर शल्यतज्ज्ञांनी काढलेला गोल दाखविला. वरून कूर्चा गुळगुळीत होती, बोटाने दाबताच आत गेली, आणि खाली भुसभुशीत पिवळट अस्थी दिसली. या अस्थीवर आम्ही वर्षभर विश्वास टाकला होता.

बसविलेल्या सांध्याच्या प्रत्येक भागाची चिकटपट्टी रुग्णाच्या कागदपत्रांत लावली जाते. तीवर उत्पादक, आकार आणि तुकडी क्रमांक असतो. हा कागद जपून ठेवावा. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून परत मागविण्यात आला. भारतातही तो अनेकांना बसविलेला होता. आपल्या शरीरात नेमके काय बसविले आहे, हे अशा वेळी रुग्णास केवळ या कागदावरून कळते.

पुनर्वसन

दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभे केले गेले. चार दिवसांनी घरी आलो. चौदाव्या दिवशी टाके निघाले. एक महिना वॉकर, त्यानंतर दहाव्या आठवड्यापर्यंत काठी. काठी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची असते. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम नातवंडांच्या खेळासारखा पाठ करावा लागतो.

खरी कसोटी घरातल्या राहणीची होती. आपले सारे जीवन जमिनीलगतचे. पाटावरची पूजा, पंगतीतली मांडी, भारतीय पद्धतीचे शौचालय, आणि आमच्या चिकित्सालयातील वडिलांच्या काळची गादी. नवा सांधा निसटू नये म्हणून पहिले तीन महिने खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळविणे वर्ज्य होते. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी बांधली जाई. गादी उचलून खुर्ची आली. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून नाडी पाहताना परक्या घरी आल्यासारखे वाटले.

आहारात सुश्रुतांचे भग्नपथ्य पुष्कळ उपयोगी पडले. त्यांनी लवण, कटु, अम्ल, क्षार व रूक्ष आहार वर्ज्य सांगून दूध, तूप, भात व बृंहण अन्नाचा पुरस्कार केला आहे. आम्ही मऊ भात, मुगाचे वरण, तूप, दूध आणि भूक सुधारल्यावर ज्वारीची भाकरी असा क्रम ठेवला. वेदनाशामकांमुळे होणाऱ्या मलावष्टंभावर मनुका व कोमट पाणी पुरेसे झाले. अस्थिसंधान तरुणास एक महिना, मध्यमवयीनास दोन व वृद्धास तीन महिने घेते, हे सुश्रुतांचे गणित भग्नाचे असले, तरी वयानुसार धीर धरण्याचा त्यातील उपदेश आम्हास रोज आठवत असे. आठव्या आठवड्यात अर्धा दिवस चिकित्सालय सुरू केले.

अशा रुग्णांविषयी व्यवसायबंधूंना काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पिंढरी सुजली, दुखू लागली तर अभ्यंग, स्वेद वा लेप करू नये. तत्काळ डॉप्लर तपासणीस पाठवावे. मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यू ओढवू शकतो.

२. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना शल्यतज्ज्ञांस विचारल्याविना गुग्गुळ, लसूण आदींचे घन कल्प देऊ नयेत.

३. कृत्रिम सांध्याच्या परिसरात अग्निकर्म, विद्धकर्म, जलौकावचरण करू नये. त्वचेतून शिरलेला जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत पोचल्यास तो सांधा काढावा लागू शकतो. जखम वाहत असेल वा ताप असेल तर काढा देत बसू नये, रुग्णास परत पाठवावे.

४. अग्निदीपन, निद्रा, मलशुद्धी, बल आणि मनाचा धीर ही आपली खरी क्षेत्रे आहेत. तेथे आपण पुष्कळ करू शकतो.

औषधी भांडार चालकांसाठी

आम्हास स्टेरॉइड वैद्यकीय देखरेखीखाली मिळाले. ज्यांना ते नकळत मिळते त्यांचे काय? शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे पन्नाशीचा एक रुग्ण आला. चेहरा वाटोळा, हातांवर निळे डाग, साखर वाढलेली, दोन्ही जांघांत वेदना. दोन वर्षांपासून तो सांधेदुखीवरची ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पुडी घेत होता. पुडीवर नाव नव्हते, क्रमांक नव्हता. एका मात्रेत वेदना थांबते, अशी तिची ख्याती होती.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ च्या नियम १६१ नुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक आणि तुकडी क्रमांक असणे बंधनकारक आहे. यांपैकी काहीही नसलेला माल दुकानात ठेवू नये, मग त्याचा खप कितीही असो. एका दिवसात सर्व सांधेदुखी थांबविणाऱ्या चूर्णाकडे वैद्याने आणि दुकानदाराने प्रथम संशयानेच पाहावे.

अशा रुग्णाची पुडी एकदम बंद करू नये, हेही ध्यानात असावे. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. अकस्मात थांबविल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. त्यास तज्ज्ञांकडे पाठवून मात्रा क्रमाने कमी करवावी. आमच्या त्या रुग्णास आम्ही तसेच पाठविले आणि उरलेली पुडीही सोबत दिली.

उपसंहार

आज आम्ही काठीविना चालतो. मांडी घालीत नाही, पाटावर बसत नाही. डाव्या खुब्याची व्याधी अजून तेथेच आहे. त्यासाठी तिक्तक्षीर बस्तीचे क्रम आम्ही आजही घेतो आणि दर सहा महिन्यांनी एमआरआयही करतो. शेवटच्या चित्रापर्यंत गोल कोसळलेला नाही. हे बस्तीचे यश आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु लहान विकृती कधीकधी चिकित्सेविनाही वर्षानुवर्षे स्थिर राहतात, म्हणून एका खुब्यावरून आम्ही तसा दावा करणार नाही. आपल्यापैकी ज्यांनी असे रुग्ण हाताळले असतील त्यांनी चिकित्सेपूर्वीची व नंतरची चित्रे, अवस्था आणि कालावधी यांसह नोंदी ठेवाव्यात. यशाच्या नोंदी ठेवाव्यात, त्याहून काळजीपूर्वक अपयशाच्या ठेवाव्यात.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता दोन नवे रकाने आहेत. ‘स्टेरॉइड घेतले होते काय, कधी, किती दिवस?’ हा पहिला आणि ‘पुढील चित्रणाची तारीख’ हा दुसरा.

तो शेतकरी मागील महिन्यात पुन्हा आला होता. आम्ही त्यास सांगितले, “काका, जे आमच्याने होतं ते आम्ही करू. जे होत नाही ते वेळेवर सांगू. एवढ्यासाठी यायचं.” त्याने क्षणभर आमच्या पायाकडे पाहिले आणि मग नाडी दाखविण्यासाठी हात पुढे केला.

इत्यलम्.